मास्तर, तुमचा शुक्रवार कुठला?

मिरजेतल्या आमच्या मंडळीचे पाळकसाहेब, पंच कमिटी आणि सर्व बंधुभगिनी यांना खुलं पत्र

सलाम.

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर सूचना वाचल्या गेल्या. नाताळाच्या आधी आठवडाभर साक्षीच्या सभा होणार, रोज संध्याकाळी दोघांनी माईकपुढं उभं राहून प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगायचं, आणि मंगळवारच्या यादीत माझं नाव. मला कुणी विचारलं नव्हतं. मास्तर काय, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलतातच, इथं दहा मिनिटं बोलतील, असा हिशोब झाला असणार. दारातून बाहेर पडेपर्यंत चौघांनी पाठ थोपटली, त्यामुळं तिथं काही बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. बंद पाकिटातून देता आलं असतं, पण बंद पाकिटं आपल्या कमिटीच्या कपाटात किती वर्षं मुरतात ते आपण सगळेच जाणतो.

मी मंगळवारी उभा राहणार नाही. का, ते सांगतो.

तुळशीचं लग्न लागलं की माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. लग्नसराई आणि नाताळ एकदमच अंगावर येतात. यंदा त्यात एका शाळेतल्या बाईंचे दोन ब्लाऊज होते, मुलीच्या साखरपुड्यात घालायचे. मी म्हणालो, शुक्रवारी न्या. शुक्रवारी त्या आल्या तेव्हा कापडाला कात्रीसुद्धा लागली नव्हती. मी काय सांगितलं? "बाई, फक्त हूक लावायचे राहिलेत." हे वाक्य माझ्या तोंडून असं निघतं की जणू पायमशीन चालतंय, पायाला वेगळं सांगावं लागत नाही. पुढच्या शुक्रवारी सांगितलं, अस्तर भिजत घातलंय. तिसऱ्या शुक्रवारी लाईट गेली होती. गेली होती हे खरं, पण अर्धाच तास.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. चिडलेल्या गिऱ्हाइकाला कसं सांभाळायचं ते तीस वर्षांत शिकलोय. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. आपल्या तरुण संघानं छापलेलं वचनांचं कॅलेंडर, वर मेंढरं आणि मेंढपाळ. मग शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मिशनचे ना? आमचे सासरे म्हणायचे, मिशनच्या माणसाला दोनदा विचारावं लागत नाही. मग तुमचा शुक्रवार कुठला, तेवढं एकदा सांगा."

त्या रात्री दीड वाजेपर्यंत बसून दोन्ही ब्लाऊज पुरे केले. सकाळी त्या आल्या, शिलाई पुरी दिली, एक रुपया कमी केला नाही. तेच जास्त लागलं.

आता तुम्ही म्हणाल, टेलरचा वायदा तो टेलरचा वायदा, त्यात एवढं काय? सगळे टेलर असंच करतात. हेच मीही स्वतःला सांगत आलो. डोंगरावरच्या प्रवचनातलं ते वचन, शपथ वाहूच नका, तुमचं होय ते होय असू द्या आणि नाही ते नाही, हे मी शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबलवर्गात, पाठ करून एक पेन्सिल बक्षीस मिळवली होती. तेव्हा वाटायचं, हे ऊठसूट आईशप्पथ म्हणणाऱ्यांसाठी आहे. आपण शपथा घेत नाही, म्हणजे आपण सुटलो. आता कळतं, ज्याच्या होयला भरवसा उरत नाही त्यालाच शपथेचा टेकू लागतो. माझा टेकू तर त्याहून वाईट होता. बायबलातला याकोब आपल्या पत्रात सांगतो, उद्या काय होईल ते तुम्हाला ठाऊक नाही, तेव्हा प्रभूची इच्छा असेल तर अमुक करू असं म्हणत जा. मी त्याचं काय केलं? शुक्रवारी होणार नाही हे गुरुवारी मला पक्कं ठाऊक असतं, तरी गिऱ्हाइकाला म्हणतो, "प्रभूनं राखलं तर शुक्रवारी नक्की." म्हणजे झालं तर माझं कसब, नाही झालं तर प्रभूनं राखलं नाही!

बाईंचे सासरे जे म्हणायचे ते मी कमावलेलं नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. माझे आजोबा मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली इकडं आले, आधी सांगलीत दवाखाना काढला, मग १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. पुढं त्यांना सरकारनं 'सर' केलं, ते १९२८ साली. त्यांनी किती प्रवचनं दिली आणि त्यात काय सांगितलं, हे आज आपल्या मंडळीतसुद्धा कुणाला सांगता येणार नाही. पण सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे, आणि तिथं उतरणाऱ्या निम्म्या लोकांना हे एका माणसाचं नाव आहे याचाही पत्ता नाही. आजोबा सांगायचे, कर्नाटकातून बैलगाडीनं, रेल्वेनं माणसं यायची, आणि वॉर्डात सिस्टर म्हणाली की "रात्री बारा वाजता येऊन बघते," तर ती बारा वाजता यायची. कंदील घेऊन. पेशंट जागे राहून वाट बघायचे म्हणे, ती येते का ते पाहायला. आणि ती यायची.

त्या बाराच्या कंदिलावर आपण आजवर खातोय. भाडेकरू म्हणून घर मिळतं, सोसायटीत सोनं न तारण ठेवता कर्ज मिळतं, शाळेत नोकरी मागायला गेलं की "मिशनचे का? बरं, बरं" असं होतं. ही सगळी उधारी आहे. दुसऱ्यानं जमा केलेल्या खात्यातून आपण काढतोय आणि भरत कुणीच नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवा. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. सांगलीतले माझे चुलते अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडं आले ते सोळा दिवस राहिले. आपल्या मंडळीनं तेव्हा कपडे गोळा केले, आणि मी टेलर म्हणून ते निवडायचं काम माझ्याकडं आलं. मोठाली नऊ पोती होती. त्यातली तीन मी दुकानाच्या मागच्या खोलीत उपडी केली, आणि त्या संध्याकाळी जे पाहिलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. हूक नसलेले ब्लाऊज. गुडघ्यावर विरलेल्या पँटी. एका साडीचा पदर जळालेला, इस्त्रीच्या आकाराचा डाग तसाच. एक सुटाचा कोट होता, चांगल्या कापडाचा, पण एकाच बाहीचा. दुसरी बाही कुठं गेली, देव जाणे. आणि वर प्रत्येक पोत्याला कागद चिकटवलेला, ख्रिस्ताच्या प्रीतीनं.

मलाखी संदेष्ट्याच्या पहिल्याच अध्यायात देव याजकांना विचारतो, आंधळं जनावर वेदीवर आणता, लंगडं आणता, हेच तुमच्या सुभेदाराला नजर करून बघा, तो खूश होईल का? मी त्या कोटाकडं बघत हे आठवत बसलो. मग घरच्यांना बोलावलं. चार दिवस आम्ही दोघांनी हूक लावले, बटणं लावली, उसवलेलं शिवलं. अंकलीच्या बाजूच्या एका आजींना त्यातलं एक पातळ गेलं. त्यांनी ते उलटून पालटून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये रफू केलंय न्हवं? बारीक केलंय." बस, एवढंच. पण पूर ओसरल्यावर दोन वर्षांनी त्या आजी दुकान शोधत आल्या, नातीचा परकर-पोलका शिवायला. कागदावरचं 'ख्रिस्ताच्या प्रीतीनं' त्यांना वाचता येत नव्हतं, हे त्यांनी स्वतः सांगितलं. रफू मात्र वाचता आलं.

साक्ष या शब्दाचा मी विचार करू लागलो तो तिथून. प्रेषितांच्या कृत्यांत तबीथाची गोष्ट आहे, जिला दुर्कस म्हणत. यापोची बाई. ती वारली तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याला बोलावलं, आणि माडीवर त्याच्याभोवती विधवा रडत उभ्या होत्या. त्यांनी पेत्राला काय दाखवलं? तबीथानं त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे आणि कपडे. आख्ख्या गोष्टीत तबीथाच्या तोंडी एक वाक्य नाही. पौल आपल्या व्यवसायाचा, तंबू शिवणारा, याचा आम्हा टेलर लोकांना फार अभिमान असतो. पण पौल बोलायचाही पुष्कळ. तबीथा बोलत नाही. तिची साक्ष बायकांनी हातात धरून दाखवली. मी मेलो तर माझं शिवण हातात धरून कोण रडेल, असा विचार मनात आला, आणि खरं सांगतो, पहिल्यांदा डोळ्यांपुढं आली ती वहीतली वायद्यांची यादी.

यादीत गिऱ्हाइकंच आहेत असं नाही. माझ्याकडं काज-बटणाला एक मावशी आहेत. घरी नेऊन काम करतात, नगावर मजुरी. गेल्या नाताळात मी मंडळीच्या दारावर लावायचा मोठा तारा आणून दिला, लाईटवाला. त्याबद्दल पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन आभार मानले. त्या आठवड्यात मावशींचे अकराशे चाळीस रुपये मी थांबवले होते. हातात पैसे नव्हते, ताऱ्यात गेले होते. मावशी मागायला आल्या नाहीत, आपल्यातल्या नाहीत त्या, त्यांना वाटलं असेल सण आहे यांचा, कशाला मागा. जानेवारीत दिले. जुन्या करारात मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवू नको म्हटलंय, आणि याकोब तर म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड प्रभूच्या कानी जाते. म्हणजे त्या नाताळात दारावर माझा तारा चमकत होता आणि त्याच्याखाली मावशींचे अकराशे चाळीस ओरडत होते. आत आपण गाणी म्हणत होतो.

घरातलं तर बोलूच नये. सकाळी 'उपासना संगीत' हातात घेऊन आमच्या घरात सूर लागतो, आणि दहा वाजता दुकानात पोरानं उलटी बाही जोडली की त्याच तोंडातून काय बाहेर पडतं ते शेजारच्या पानवाल्याला विचारा. एकाच झऱ्यातून गोडं आणि कडू पाणी येतं का, हा प्रश्नही याकोबाचाच. हा माणूस मिरजेत दुकान टाकून बसला होता की काय, अशी मला शंका आहे.

आता कमिटीविषयी थोडं, कारण एकट्यानंच पापांगीकार करावा असं काही नाही.

मागच्या नाताळातल्या मांडववाल्याचं बिल अजून पुरं चुकतं झालेलं नाही. तो मला दर महिन्याला विचारतो, मी दर महिन्याला "कमिटीला सांगतो" म्हणतो. यंदाच्या साक्षीच्या सभांना मांडव त्याच्याकडूनच घ्यायचा ठरलंय असं ऐकलं. तो माईकवरच्या साक्षी ऐकत खांबाला टेकून उभा राहील तेव्हा त्याच्या मनात काय येईल याचा विचार कुणी केलाय का? दुसरं, जागेच्या वादात आपल्यातले दोन गट गेली कित्येक वर्षं कोर्टात आहेत. दोन्हीकडची माणसं माझी गिऱ्हाइकं, त्यामुळं मी कुठलीच बाजू घेत नाही. पण पौलानं करिंथकरांना लिहिलंय, भाऊ भावावर फिर्याद करतो आणि तीही बाहेरच्यांपुढं, त्यापेक्षा अन्याय सोसलेला का बरा नाही? हे वाचन आपल्याकडं उपासनेत शेवटचं कधी झालं ते मला आठवत नाही. कोर्टाची तारीख मात्र सगळ्यांना पाठ असते.

आणि "प्रार्थनेत आठवण ठेवतो" हे वाक्य. हे आपलं 'फक्त हूक लावायचे राहिलेत' आहे. मी किती जणांना ते म्हणालोय आणि किती जणांची आठवण ठेवलीय याचा हिशोब त्या वहीत नाही, ते एक बरं आहे.

आमच्या सौभाग्यवतींचं माहेर साताऱ्याचं. तिकडच्या घरात रेव्हरंड टिळकांचं नाव निघतं तसं इकडं निघत नाही. १९१७ साली नारायण वामन टिळक मिशनचा पगार सोडून साताऱ्यात जाऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. जेमतेम दोन वर्षं मिळाली त्यांना, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. माझे सासरे म्हणायचे, दरबाराचं पुढं काय झालं ते सोडा, पण पगार सोडला ही गोष्ट बाजारात सगळ्यांना कळते, त्याला भाष्य लागत नाही. सासरे किराणा दुकानदार होते, त्यामुळं पगार सोडणं म्हणजे काय ते त्यांना नीट कळायचं.

माझ्या ओळखीत होय म्हणजे होय असा एकच माणूस आहे, आणि तो आपल्या मंडळीतला नाही. सतारमेकर गल्लीतले चाचा. मी त्यांच्या कुडत्यांची मापं घेतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सगळीकडं बोर्ड लागले, चाचांनी काही लावलं नाही. एकदा मी तिथं बसलेलो असताना पुण्याच्या कुणा गाणाऱ्या बाईंचा फोन आला, तानपुरा कधी मिळेल म्हणून. चाचा म्हणाले, "तारीख नाही सांगत. जवारी बसली की मीच फोन करतो." जवारी म्हणजे घोडी घासून घासून तारेला आणलेला झणकार. बाईंनी बराच आवाज चढवला, तो मलाही ऐकू येत होता. चाचा ऐकून घेत राहिले आणि शेवटी पुन्हा तेच म्हणाले. फोन ठेवल्यावर कानस घेतली आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर दोनदा फिरवली, तार छेडली, मान हलवली, परत खाली ठेवली. मी म्हणालो, "चाचा, पुढच्या आठवड्यात म्हणून टाकायचं." ते माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले की मी मराठीत बोललो की दुसऱ्या कुठल्या भाषेत. मग म्हणाले, "आणि नाही झाला तर?" मला याचं उत्तर माहीत होतं. तीस वर्षं मी तेच उत्तर देत आलोय. पण त्यांच्यापुढं ते तोंडातून निघेना.

आपण चाचांना साक्ष द्यायची म्हणतोय.

तर, मंगळवारी माझ्या नावाच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घाला. मी त्या संध्याकाळी वही घेऊन बाहेर पडणार आहे. वहीत सतरा जणांचं शिवण थकलंय, त्यातल्या पाच जणांना मी 'नाही' सांगून कापड परत करणार, कारण नाताळाआधी ते होणारच नाही. बायबलातल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं, माझी तेवढी ऐपत नाही. आगाऊ घेतलेले पैसे तेवढे परत देईन. मावशींची या महिन्याची मजुरी त्याच दिवशी देणार. मांडववाल्याचं कमिटीनं बघावं. त्याला मी सांगितलंय की आता मला विचारू नकोस, थेट खजिनदारांना विचार, आणि त्यांचं घर दाखवून दिलंय. खजिनदार रागावले तर मी दुकानातच आहे.

शेवटी क्वायरच्या गाऊनविषयी. बावीस तारखेला चौदा गाऊन देतो म्हणालो होतो. ते खोटं होतं, म्हणालो तेव्हाच मला माहीत होतं. नऊ झालेत. आणखी दोन होतील. बावीसला अकरा मिळतील, इस्त्री करून. उरलेले तीन नव्या वर्षात. तिघांनी यंदा साध्या पांढऱ्या कपड्यांत गावं, किंवा कमिटीनं दुसरीकडं शिवून घ्यावेत. कापड कापलेलं नाही, आज संध्याकाळपासून केव्हाही न्या.

आपला,
मंडळीतला टेलर
मिरज, जि. सांगली